मोठ्याचा जबाब

खोली ताब्यात देताना काकांनी माझ्याकडून अकरा खिळ्यांची सही घेतली. भिंतीतले अकरा खिळे, दोन बल्ब, एक पंखा (तीनवर आवाज करतो), एक आरसा (डाव्या कोपऱ्याला तडा). ही यादी त्यांनी मध्ये कार्बन घालून दोन प्रतींत केली होती. मी लगेच सही करायला लागले, तर त्यांनी कागदावर हात ठेवला.

"न वाचता सही काऊन करून राह्यली? खिळे मोज आधी."

मी मोजले. अकराच होते. साताऱ्याहून चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून आलेली मी, हातात बॅग, पोटात भूक, आणि एक अनोळखी म्हातारा माणूस मला खिळे मोजायला लावत होता. हे घर आपण महिनाभरात सोडायचं, असं मी तिथेच ठरवलं. राहिले मात्र चार वर्षं.

काका म्हणजे सेवाग्रामजवळच्या सावंगीचे माझे घरमालक. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते आणि त्यांच्या वरच्या खोलीत राहत होते. काकांची सगळी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. जुने कागद शोधायचे, त्यांची नक्कल करून द्यायची, मूळ कागद जागच्या जागी ठेवायचा. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. फाटकाच्या आत एका खिळ्याला रजिस्टर टांगलेलं असे. बाहेर जाणाऱ्याने कुठे चाललो, कशासाठी, किती वाजता परतणार हे लिहून जायचं, येणाऱ्याने सही करायची. एका रविवारी मी कंटाळून कारणाच्या रकान्यात 'मनःशांतीसाठी' असं लिहिलं. संध्याकाळी काकांनी रजिस्टर पुढे धरलं. "हे कारण नाई होत बेटा. कुठी गेलती ते लिही." मी 'गांधी आश्रम, नंतर आइस्क्रीम' असं लिहिल्यावर त्यांचं समाधान झालं.

कुठलाही कागद ते खालून वर वाचत. आधी सही, मग तारीख, मग मजकूर. लग्नपत्रिका आली की आधी शेवटची ओळ, निमंत्रक कोण. माझ्या हातात तपासणीचा रिपोर्ट दिसला तरी पहिला प्रश्न, "कोणं लिहिला?" मी एकदा विचारलं, असं उलटं का वाचता? तर म्हणाले, "कागद एकाच तोंडानं बोलते. ते तोंड कोणाचं, ते पाह्य आधी. मंग काय बोलते ते पाह्य."

इतका कागदाचा माणूस, पण त्यांच्याजवळ एक गोष्ट तोंडपाठ होती. ती त्यांनी मला चौथ्या दिवशी सांगितली. पुढे ती मी गॅस सिलिंडरवाल्याला सांगताना ऐकली, नळ दुरुस्त करणाऱ्याला सांगताना ऐकली, आणि एकदा पत्ता चुकून आलेल्या माणसाला पाणी देऊन सांगताना ऐकली. शब्दही बदलत नसत, फक्त वर्षांचा आकडा वाढत जाई.

"आमचे बाबा मे महिन्यात गेले. मी पुण्याले ट्रेनिंगले गेलतो. मोठ्या भावाले फोन केला. म्हटलं, निघालो, सहा वाजता पुलगावले उतरतो, माही वाट पाह्य. त्यानं नाई पाह्यली. मी घरी नाचणगावात पोचलो तं राख होती." मग, "इथून नाचणगाव किती दूर? तासाभराचं. एकोणीस वर्षं झाले, मी त्या रस्त्यानं नाई गेलो."

गोष्ट संपली की स्वयंपाकघरात काकूंच्या हातून एखादं भांडं जरा जोरात खाली ठेवलं जाई. काकूंनी मला बाकीचं सांगितलं. सासरे गेल्यावर सासूबाई सहा वर्षं यांच्याकडेच राहिल्या, खालच्या मधल्या खोलीत. त्या गेल्या तेव्हा मोठे दीर आले, विधी केले, जेवले आणि गेले. दोघं भाऊ एका पंगतीत बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंचा फोटो बैठकीत होता, हसरा, दातांची एक फट दिसणारा. पंगतीचं सांगताना काकूंचा आवाज खाली यायचा, काका ऐकतील म्हणून नव्हे, फोटो ऐकेल म्हणून, असं मला तरी वाटायचं.

आता एका ग्रंथाकडे येते. माझ्या आधी वरच्या खोलीत विशाखापट्टणमची एक मुलगी राहत होती, फिजिओथेरपी शिकणारी. पहिल्याच दिवशी काकूंनी चहा दिला तर तिने हात जोडून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नको. आमच्या घरचा चहा घेत नाही म्हणजे काय, म्हणून काकांना राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ कारण विचारलं. ती म्हणाली, आमच्या धर्मात चहा चालत नाही. काकांचा राग तिथल्या तिथे पळाला. दारू न चालणारे धर्म त्यांना माहीत होते, कांदा न चालणारे माहीत होते. चहा न चालणारा धर्म त्यांच्या रेकॉर्डला नव्हता. ती मॉर्मन पंथाची होती. अमेरिकेत उगम झालेला ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ. त्यांचा बायबलखेरीज आणखी एक ग्रंथ असतो. काकांनी विचारलं, तो पाहायला मिळेल का? तिने घरून त्याची हिंदी प्रत मागवली आणि शिक्षण संपवून जाताना काकांना देऊन गेली. काकांनी तिला पोचपावती दिली.

तो ग्रंथ दोन वर्षं कपाटात होता. मग एका थंडीत त्यांनी तो बाहेर काढला, आणि आपल्याकडे जशी पोथी वाचतात तसा वाचायला घेतला. पहाटे पाचला अंघोळ. पाटावर पिवळं कापड, त्यावर ग्रंथ, शेजारी उदबत्ती. सात दिवसांचं पारायण, असा संकल्प. आणि ज्यांची पोथी त्यांचं पथ्य, म्हणून सात दिवस चहा बंद.

"त्या लोकाईनं चहा काऊन सोडला ते मले माहीत नाई," काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या. "पण ह्यायनं आणखी दोन दिवस सोडला, तं मी माहेरी जातो." वऱ्हाडी बोलीत बायकाही 'जातो' म्हणतात, मला तोवर त्याची सवय झाली होती. चहा नसलेले काका खरोखर वाईट होते. माझी चप्पल रजिस्टरच्या खाली ठेवली म्हणून ते मला पाच मिनिटं बोलले.

सात दिवसांत पाव ग्रंथही झाला नाही. तो चांगला जाडजूड होता आणि काका नक्कल तपासल्यासारखे एकेक ओळ बोट ठेवून वाचणारे. आठव्या दिवशी त्यांनी चहा सुरू केला, पारायणाची मुदत वाढवली आणि सकाळ सोडून संध्याकाळी, अंगणातल्या लोखंडी खुर्चीत बसून वाचायला लागले. माझी ड्यूटी पाचला सुटे. फाटकातून आत आले की हाक येई, "बेटा, हे पाह्य."

मला धर्मग्रंथांची आवड नाही. तेव्हाही नव्हती. पण काका ज्या आनंदानं त्यातल्या गोष्टी सांगत, तो मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. त्यांना त्यात देव सापडला म्हणून नाही, कचेरी सापडली म्हणून. ग्रंथाच्या सुरुवातीलाच साक्षीदारांची निवेदनं होती, आधी तिघांचं, मग आठ जणांचं, खाली नावांसकट. "पाह्यलं? अकरा साक्षीदार. कोणत्या पोथीत असते असं?" मग कळलं की हा सगळा मजकूर म्हणे धातूच्या पत्र्यांवर लिहिलेला होता, आणि ते पत्रे पिढ्यान्‌पिढ्या एकाने दुसऱ्याकडे सोपवले. त्यात मधले काही जण असे होते की त्यांनी दोन-चार ओळींच्या वर काही लिहिलंच नाही. हे पत्रे मला मिळाले, मी ते पुढे दिले, संपलं. काका त्यांच्यावर अगदी फिदा होते. "चार्ज घेतला, चार्ज दिला. खोटं एक अक्षर नाई लिहिलं. असा माणूस आमच्या रेकॉर्ड रूममंधी एकच होता, तो बी शिपाई होता." शेवटी एकाने हे सगळे कागद गोळा करून त्यांचा गोषवारा केला. गोषवारा करणं किती अवघड असतं, यावर त्या संध्याकाळी मला अर्धा तास ऐकावं लागलं.

शेवटचं पान त्यांनी अर्थात पहिल्या दिवशीच वाचलं होतं. तिथे त्या मुलीने पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती. सांगितलं होतं ते असं, की हे वाचा, मनात घोळू द्या, आणि मग खऱ्या मनाने देवाला विचारा, उत्तर मिळेल. काकांना ही पद्धत पसंत होती. "अर्ज कसा करायचा ते लिहिलं आहे याच्यात. आधी वाचा लागते, मंग अर्ज." मी गमतीने विचारलं, तुमचा अर्ज कसला आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले.

अर्ज कसला ते मला काकूंकडून कळलं. नाचणगावहून मोठ्या जावेचा फोन आला होता. दिरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, सेवाग्रामच्या दवाखान्यात, महिनाभराने. सेवाग्राम आमच्यापासून वीस मिनिटांवर. "म्हणे येजो. वैनीनं पह्यल्यांदा म्हटलं येजो," काकू म्हणाल्या. "हे काही बोलत नाई. पोथी वाचून राह्यले."

म्हणजे जायचं का नाही जायचं, हा अर्ज होता. त्यानंतर मी संध्याकाळी अंगणात थोडी जास्त थांबायला लागले. एक माणूस परक्या मुलखातल्या, परक्या देवाच्या ग्रंथात नाचणगावच्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे, आणि ते कसं सापडणार, याचं मला खरोखरच कुतूहल होतं. सापडेल असं मला वाटत नव्हतं.

त्या ग्रंथाची सुरुवात एका घरापासून होते. बाप, आई, मुलं. ते शहर सोडून वाळवंटात जातात, पुढे जहाज बांधून समुद्रापार जातात. धाकटा भाऊ देवाचं ऐकणारा, थोरले दोघे कुरकुर करणारे. थोरले त्याला बांधून घालतात, मारतात. तो सहन करतो, माफ करतो, पुन्हा कामाला लागतो. बाप गेल्यावर भाऊ कायमचे वेगळे होतात. पहिले काही दिवस काका हे सगळं फार समाधानाने सांगत होते. "मोठे असेच असते," म्हणत. मी घरातली धाकटी. माझ्या ताईबद्दल माझ्याजवळही एक तोंडपाठ गोष्ट होती, म्हणून मीही मान डोलावत होते.

मग एक दिवस मी फाटकातून आत आले तर हाक आली नाही. ग्रंथ मांडीवर मिटलेला, आणि काका समोरच्या भिंतीकडे पाहत बसले होते.

"काय झालं काका?"

"हे सारं धाकट्यानं लिहिलं आहे," ते म्हणाले.

"हो. तुम्हीच सांगितलंत ना."

"मी सांगतलं. पण मी पाह्यलं नाई." त्यांनी ग्रंथावर बोट ठेवलं. "वाळवंटात काय झालं, जहाजावर काय झालं, सारं त्याच्याच हातचं. मोठ्याचा जबाब कुठी आहे?"

मला हसू आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते आवरलं. तीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक कागदाला पहिला प्रश्न हाच विचारला, त्याला हा प्रश्न पडायला इतके दिवस लागले होते. एकतर्फी कागदावर कधी विश्वास ठेवू नये हे ते मला जेवणाच्या ताटावरसुद्धा सांगत. पुढचे चार-पाच दिवस त्यांनी तो जबाब शोधला. पानं उलटसुलट केली, शेवटची सूची पाहिली. थोरल्यांचं बोलणं होतं, पण तेही धाकट्याने लिहिलेलं. शेवटी त्यांनी मला त्या विशाखापट्टणमच्या मुलीला फोन लावून द्यायला सांगितलं.

फोन स्पीकरवर होता. काकांनी तिला कचेरीच्या हिंदीत विचारलं, बड़े भाई का बयान अलग से कहीं छपा है क्या? मला वाटलं, तिला राग येणार. पण ती म्हणाली, "नहीं अंकल. मैं बचपन से पढ़ रही हूँ, ये तो कभी सोचा ही नहीं. मैं हमेशा अपने को छोटे की जगह रखकर पढ़ती थी."

"मैं भी," काका म्हणाले.

"आप पूछिए, अंकल. मैं भी पूछूँगी."

त्या आठवड्यात गॅस सिलिंडरवाला आला. मी वरून पाहत होते. काकांनी रजिस्टरवर त्याची सही घेतली, सिलिंडरचं सील पाहिलं, त्याला पाणी दिलं. तो प्यायला, आणि सवयीने थांबला. काकांनी गोष्ट सांगितली नाही. तो बिचारा जरा गोंधळून गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पातेलं तसंच होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझ्या खोलीच्या दाराशी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला शाईचा पेन, हातात क्लिप लावलेलं पॅड, त्यावर फुलस्केप कागद.

"सुट्टी आहे ना तुले आज? चाल. साक्षीदार लागते. एक तुही काकू, एक तू."

"कशाला साक्षीदार?"

"ह्या फाईलमंधी एकच कागद आहे," ते म्हणाले, "आन् तो माहा आहे. मी विचारून राह्यलो होतो जाऊ का नको. तो प्रश्नच नाई. आधी जबाब घ्या लागते."

आम्ही रिक्षा केली. काकूंनी डब्यात मऊ खिचडी घेतली होती आणि डबा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मी एकदा काकांकडे पाहिलं. ते पॅडची क्लिप उघडत होते आणि पुन्हा मिटत होते. एकोणीस वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी निघाली तर हा माणूस काय करणार, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आणि मला भीती वाटली.

भेटीची वेळ चार ते सहा होती. मोठे भाऊ खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. नाक काकांचंच, केस त्यांच्याहून जास्त काळे. काकूंच्या जाऊबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मोठ्या भावांनी आधी काकूंना पाहिलं, मग काकांना.

"तू आला?"

"कामानं आलो, दादा," काका म्हणाले आणि स्टुलावर बसून पॅड मांडीवर घेतलं. "नाव सांग."

"कोणाचं?"

"तुहं."

"माहं नाव तुले माहीत नाई काय?"

"माहीत आहे. पण सांगा लागते. नाव, वय, धंदा, राहणार."

मोठे भाऊ हसले. हसताना त्यांच्याही दातांची फट दिसली. मग त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा शेती सांगितला, राहणार नाचणगाव सांगितलं. काकांनी लिहून घेतलं.

"बाबा गेले त्या दिवशी तू माही वाट काऊन नाई पाह्यली?"

शेजारच्या खाटेवर कुणीतरी रेडिओ लावला होता. मोठे भाऊ खिडकीबाहेर पाहत बोलायला लागले आणि काकांचा पेन त्यांच्या मागे चालायला लागला.

"वाट पाह्याचंच ठरलं होतं. मी पुलगावहून दोन वेळा बरफ आणला. ऊन असं होतं का बरफ रस्त्यातच अर्धा होये. सकाळपासून माय बाबाच्या उशाशी बसून होती. पाणी नाई पेली. दुपारी दोन वाजता म्हणते, उचला. मी म्हटलं, धाकटा यायचा आहे. म्हणे, मले हे पाह्यवत नाई, उचला. मी म्हटलं, तो काय म्हणीन? म्हणे, त्याले मी सांगतो." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "मंग ती तुह्याकडे राह्याले आली. मी वाट पाह्यली का ती तुले सांगीन. एक वर्ष पाह्यली. मंग माह्या ध्यानात आलं, तिच्यानं सांगणं नाई होत."

"आन् तू?"

"मी कसा सांगू? तुह्या घरी जेवत होती ती. तुह्या मनात तिच्याबद्दल गाठ बसली असती तं ती कुठी गेली असती? माह्याबद्दल बसली, बसली. मी काही तुह्या घरी राहत नव्हतो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी शेवटचं वाक्य पूर्ण लिहिलं, खाली रेघ मारली. मग म्हणाले, "आता वाचून दाखवतो. जबाब वाचून दाखवा लागते."

त्यांनी नाव वाचलं, वय वाचलं, बर्फाचं वाचलं. दोन वाजता, इथवर आले आणि त्यांनी पॅड माझ्या हातात दिलं. मी वाचलं, "दुपारी दोन वाजता आई म्हणाली की उचला." माझ्या तोंडून ते फार कोरडं वाटलं. मला ते वाचायला लागलं नसतं तर बरं झालं असतं.

"हे काढ," मोठे भाऊ म्हणाले.

"दिलेला जबाब काढता येत नाई," काका म्हणाले. डोळे पुसत होते, पण हे मात्र त्यांनी ठाम म्हटलं.

"मी दिला, मीच म्हणतो काढ. तू माहा जबाब घ्याले आला, चांगलं केलं. पण मायचा जबाब कोण घेईन आता? ती काऊन म्हणे, तिच्या मनात काय होतं, ते तिच्या तोंडून आहे काय याच्यात? मी सांगतलं तेवढंच आहे. हा बी एकाच तोंडाचा कागद झाला."

मी काकांकडे पाहत होते. त्यांचंच तत्त्व, दोघं न बोललेल्या एकोणीस वर्षांत, नाचणगावात मोठ्या भावांना कुणी शिकवलं असेल? बहुधा ते घरातलंच असावं. मग ज्या माणसाने नोकरीभर एक चिठ्ठी फाडली नव्हती, त्याने तो जबाब उभा फाडला, आडवा फाडला, आणि तुकडे शर्टच्या खिशात ठेवले. नवा कागद घेतला.

"सांग, काय लिहू."

मोठ्या भावांनी सांगितलं आणि काकांनी लिहिलं. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी मी धाकट्या भावाची वाट पाहिली नाही. पाहायला पाहिजे होती. माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली त्यांची सही. त्याखाली साक्षीदार एक, काकू. साक्षीदार दोन, मी. या वेळी मी खिळे मोजावेत तशी प्रत्येक ओळ वाचून मग सही केली.

मग काकूंनी डबा उघडला. काकांनी चमचा पुसला आणि भावाच्या हातात दिला.

ऑपरेशन नीट झालं. मोठे भाऊ आठ दिवस सावंगीला राहिले, मधल्या खोलीत. काकांनी त्यांनाही रजिस्टरवर सही करायला लावली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'भाऊ' एवढंच लिहिलं आणि काकांनी ते चालवून घेतलं. मी भांडले की माझं कारण का चाललं नाही? तर म्हणाले, तुह्या कारणात कुठी जाते ते नव्हतं, याच्यात आहे.

काका मॉर्मन झाले का, असं मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. मीही त्यांना विचारलं होतं. "चार्ज नाई घेतला," म्हणाले, "पण तपासणी केली. मले जे पाह्यजे होतं ते त्याच्यात निघालं." त्या मुलीचा फोन आला तेव्हा तिनेही विचारलं, जवाब मिला, अंकल? काका म्हणाले, मिला, बेटा, पण तो कोणाले दाखवता येत नाई. ती विशाखापट्टणमला बसून किती समजली कोण जाणे, पण म्हणाली, ऐसा ही होता है. दरवर्षी थंडीत ते तो ग्रंथ पुन्हा काढतात. आता पाटाशिवाय, उदबत्तीशिवाय, चहा घेत घेत वाचतात.

मी सावंगी सोडली तेव्हा यादी पुन्हा तपासली गेली. खिळे बारा निघाले. बारावा मी ठोकला होता, कॅलेंडरसाठी. काकांनी यादीत दुरुस्ती केली, बाजूला लहान सही मारली. त्याच्या पुढच्या महिन्यात मी ताईला फोन केला, पण ते तिचं आणि माझं आहे.

मोठ्या भावांच्या सहीचा तो कागद काकांनी त्या ग्रंथात ठेवला आहे, जिथे भाऊ वेगळे होतात त्या पानात. थोरल्याचा जबाब तिथे नव्हता, आता आहे, म्हणाले. मला तो मजकूर पाठ आहे. एकोणीस वर्षं काका गॅसवाल्याला जे सांगत होते, तेच त्यात आहे, फक्त थोरल्याच्या तोंडून. त्यावर माझी साक्षीदार म्हणून सही आहे, आणि तो कागद खोटा आहे, त्यात आईचं 'उचला' नाही, हे मला पक्कं माहीत आहे. खरं काय ते इथे सांगितलं, म्हणूनच मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. उद्या कुणी मला तो दाखवून विचारलं, तर मी खालून वर वाचेन, सही माझीच आहे म्हणेन, आणि मजकूर खरा आहे असं सांगेन.